त्याच्या तोंडून

१८ नोव्हेंबर, अमरावती

आज सकाळी त्याच्या तोंडातून चहा सांडला आणि मला कळलं.

उजव्या हातातली बशी कलली. चहा ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीवर आणि तिथून बनियनवर आला. त्याला पत्ताच नाही. मी म्हटलं, "अहो, इकडं पाहा." त्यानं पाहिलं. तोंडाची उजवी बाजू ओल्या भिंतीच्या पोपड्यासारखी खाली आली होती. म्हटलं, "दोनी हात वर करा." डावा गेला, उजवा मांडीवर पडून राहिला. "नाव सांगा तुमचं." तर घशातून नुसती घरघर.

तोंड, हात, बोलणं. हे तीन प्रश्न मला आठ वर्षांपासून पाठ आहेत. का पाठ आहेत ते नंतर लिहीन.

मी रडले नाही. शेजारच्या कुर्बानभाईंना हाक मारली. त्यांची संत्र्याची पिकअप भरून दारात उभी होती. त्यांनी दोन माणसं लावून कॅरेट भराभर रस्त्यावर उतरवले. रजियाबी तांब्या घेऊन धावत आल्या, "पानी तो पिलाव बिचारे को." मी तांब्या बाजूला केला. अशा वेळी पाणी श्वासात जातं. तेवढ्यात त्याचा मंडीतला दोस्त जीवन आला आणि म्हणाला, "वहिनी, अमरावतीले कायले? मालिशवाल्याले बलावतो, दोन दिवसात उभा करते."

"हात लावशील तर याद राख," मी म्हटलं. वीस वर्षांत जीवनशी मी एवढ्या आवाजात बोलले नव्हते.

वरूड ते अमरावती रस्ताभर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. डोळे उघडे, भ्यालेले. मी मनात एकच म्हणत होते. मरायचं नाही. मेला की सुटला, आणि मला तो सुटायला नको आहे.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन दिलं. आता आत ठेवलं आहे.

घरात मी त्याला "अहो" म्हणते, लोकांपुढे "किशोरचे बाबा". या वहीत कुणी बघत नाही. इथं तो "तो".

२१ नोव्हेंबर, अमरावती

जीव वाचला. उजवा हात-पाय लुळा आहे आणि वाचा गेली आहे. डॉक्टर म्हणाले, "समजतं त्यांना बरंचसं, पण शब्द सापडत नाहीत. बीपीची गोळी बंद केली होती का?" केली होती. "मले काय झालं?" म्हणत सहा महिन्यांपूर्वी सोडली. मागच्या महिन्यात जेवताना त्याच्या हातातून घास पडला होता, बोटं वळेनात. दहा मिनिटांत आपोआप बरं झालं. मी दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाला, "नस दबली असन." डॉक्टर म्हणाले, तीच पहिली सूचना होती.

नागपूरहून किशोर आला. माझ्या पायाशी बसून म्हणाला, "आई, तू होतीस म्हणून बाबा आहेत. तू देवी आहेस." पोरगं भोळं आहे. त्याची आजी गेली तेव्हा तो हॉस्टेलवर होता, त्याला काही माहीत नाही.

लिहूनच ठेवते.

आठ वर्षांपूर्वी माझी माय, पार्बताबाई, तेल्हाऱ्याहून माझ्याकडे राहायला आली होती. एका सकाळी तिचं तोंड वाकडं झालं, शब्द तुटायला लागले. मी म्हटलं, अमरावतीला नेऊ. हा मंडीत संत्र्याचा लिलाव पुकारायचा, म्हणाला, "आज मंडी आहे. मी नसलो तं हर्रास कोन पुकारन? लकवा हाये, मालिशनं जाते." गावाबाहेरचा एक माणूस कबुतराच्या रक्ताचं तेल चोळायचा, त्याच्याकडे पाठवलं. तीन दिवस चोळलं. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी माझ्यावर ओरडून सांगितलं, पहिल्या काही तासांत आणायला हवं होतं. तोंड, हात, बोलणं हे तेव्हाच शिकले.

तेही मी गिळलं असतं. अडाणीपणा होता, म्हटलं असतं.

पण माय आमच्याकडे खाटेवर पडून असताना हा संध्याकाळी ओसरीत मित्र जमवायचा आणि तिची नक्कल करायचा. ओठ एका बाजूला ओढून, लाळ गाळून, माझं नाव मायसारखं बोबडं घेऊन, "मनकल्ना... मनकल्ना... पानी..." सगळे पोट धरून हसायचे, जीवन सगळ्यांत जास्त. मी आत पोळ्या लाटायची. एक दिवस मायची खाट हवेसाठी दाराशी ओढली होती, विसरून त्यानं तिच्यादेखत केलं. की विसरून नाही? मायनं पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. उन्हाळ्यात गेली, तोवर तिनं तोंड इकडे केलं नाही.

आता त्याचं तोंड वाकडं आहे. मला त्याच्या तोंडून एक शब्द ऐकायचा आहे, तोही तेल्हाऱ्यात, माझ्या भावापुढे, मायच्या घरात. चुकलो. त्याला वाचा नाही म्हणून सोडणार नाही. वाचा आणीन आणि वसूल करीन.

५ डिसेंबर, वरूड

घरी आणलं. आठवड्यातून दोनदा अमरावतीला न्यायचं. तिथं वर्षाली म्हणून पोरगी आहे, बोलायला शिकवते. हातापायाचे व्यायाम दुसरा एक जण घेतो. बाकी दिवस घरी मी.

वर्षाली म्हणाली, "काकू, आरसा समोर धरायचा आणि ओठांचे व्यायाम करून घ्यायचे. गाल फुगवणं, हसणं, ओठ दोन्हीकडे ताणणं."

मी म्हटलं, "किती वेळा?"

"दिवसातून तीनदा केलंत तरी पुष्कळ."

मी सहादा करते. आरसा धरते आणि म्हणते, "पाहा. नीट पाहा." तो डोळे मिटतो. तो डोळे उघडेस्तोवर मी आरसा हलवत नाही.

पहिला शब्द आज आला. मी अंग पुसत होते, पाणी गार होतं. त्यानं मायवरची शिवी दिली. स्वच्छ, एक अक्षर न चुकता. वर्षालीला फोन केला तर ती खूश झाली. शिव्या म्हणे मेंदूत दुसरीकडे राहतात, त्या लवकर येतात. त्या त्याच्यात कुठे राहतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

२० डिसेंबर

मंडीतली माणसं भेटायला आली. तो टॉवेलनं तोंड झाकून बसला. ज्याच्या आवाजावर शंभर गाड्यांचा माल उठायचा, तो खुशालराव असा बसलेला बघून दोघं-तिघं रडले. मी चहा करत होते, मला बरं वाटत होतं.

एक जण गमतीनं म्हणाला, "भाऊ, पुकारा बरं, संत्र्याची एक ढेरी!" आणि काय सांगू, हा सुरू झाला. एक-दोन-तीन, बोला बोला, एक वार, दोन वार, भाव, आकडे, सगळं धडाधड, जुन्या आवाजात. माणसं टाळ्या वाजवायला लागली. मग मी विचारलं, "पानी पायजे का?" तर तोंड उघडं, डोळे भिरभिर. पाणी म्हणता येईना.

वर्षाली म्हणते, पाठ झालेलं आपोआप बाहेर पडतं. मनातलं बोलायला वेगळी वाट लागते, ती वाट मोडली आहे.

वाट बांधते मी. थांब.

११ जानेवारी

जीवन तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी घेऊन आला. माझी पाठ वळताच त्याच्या ओठात भरायला गेला. मी पुडी हिसकून नालीत टाकली. म्हटलं, "यायले परत मारायचं आहे का तुले?" जीवन म्हणाला, "इतक्यानं काई होत नाही, वहिनी. मानूस खुशीत ठेवा लागते." मी त्याला फाटकाबाहेर काढला. परत यायचं नाही म्हणून सांगितलं.

खर्रा बंद, लोणचं-पापड बंद, डाळीत मीठ नावाला. सकाळ-संध्याकाळ बीपी मोजते. गोळ्या हातावर ठेवून जीभ वर करायला लावते, गिळली की नाही ते बघते. दुसरा झटका आला तर जे मिळवलं तेही जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मग माझा शब्द कुठून येणार?

आज तो बराच वेळ तोंडाकडे बोट दाखवत होता, मग भिंतीकडे. भिंतीवर मायचा फोटो आहे आणि खालच्या कोनाड्यात त्याच्या खर्ऱ्याच्या पुड्या असायच्या. पुड्या मी कधीच्या फेकल्या. कोनाडा रिकामा करून दाखवला तरी बोट तिकडेच. शेवटी रडायला लागला. खर्ऱ्यासाठी एवढा मोठा माणूस रडतो!

१५ जानेवारी

परत तेच. तोंड, भिंत. मी "नाही मिळत" म्हणून आरसा पुढे केला.

२ फेब्रुवारी

काठी धरून न्हाणीपर्यंत गेला. चांगला हात ओढणीनं अर्धा तास बांधून ठेवायचा म्हणजे लुळा हात कामाला लागतो, असं व्यायामवाल्यानं शिकवलं. मी गाठ घट्ट मारते. आज लुळ्या हातानं वाटीतले चणे एकेक करून ताटात टाकले. घाम फुटला होता. एक चणा ताटाबाहेर पडला की मी तो परत वाटीत ठेवायची.

रजियाबी भिंतीवरून बघत होत्या. सगळ्या गावात त्यांनाच मी खरं सांगितलं आहे. म्हणाल्या, "मनकर्णाबाई, ये कैसा बदला है? दुश्मन को कोई इतना सिखाता है क्या?"

मी म्हटलं, "मेलेल्याचा काय सूड घेता?"

त्या म्हणाल्या, "हौ. पन कल तुम अपने भतीजी की मंगनी में बी नै गई. इसके गोली का टाइम था बोलके."

मग? गोळीची वेळ होतीच.

२४ फेब्रुवारी

वर्षालीनं विचारलं, "काकू, यांना सगळ्यांत जास्त कोणते शब्द लागतील? चार-पाच सांगा, त्यावर जोर देऊ."

मी सांगितलं, "पाणी, चहा, दुखते, आणि चुकलो."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "चुकलो?"

"लागते," मी म्हटलं.

मी पाणी, चहा नावापुरते घेते. चुकलोवर दिवस घालवते. "च" म्हण. माझ्या ओठांकडे बघ. "चु." त्याचा ओठ लोंबतो, थुंकी उडते. मी तोंड पुसते आणि परत म्हणते.

१ मार्च

आला! "चुक... चुक-लं." चुकलो नाही, चुकलं. चालेल. मी तीन वेळा म्हणवून घेतलं. तिन्ही वेळा आला. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

भावाला, बुधाजीदादाला फोन लावला. म्हटलं, रविवारी आम्ही दोघं येतो.

३ मार्च, रात्री, वरूड

आज झालं. आणि झालं नाही.

कुर्बानभाईंनी गाडी आणली. तेल्हाऱ्याला पोचलो तेव्हा दादा दारात उभा होता, वहिनी मागे. मायच्या जाण्यानंतर दादा याच्याशी एक शब्द बोललेला नाही. मीच येऊन-जाऊन असायची.

याला मधल्या खोलीत खुर्चीवर बसवलं. मी सगळ्यांना बोलावून घेतलं. हृदय असं धडधडत होतं की माझाच बीपी कुणी मोजायला हवा होता. मी म्हटलं, "दादा, यायले तुले काही सांगायचं आहे." मग त्याच्याकडे वळून म्हटलं, "बोला. मायबद्दल बोला."

त्यानं दादाकडे पाहिलं. ओठ जुळवले. "चुकलं," म्हणाला. "चुकलं. चुकलं."

दादा हुंदका देऊन त्याच्या गळ्यात पडला. "जाऊ द्या, भाऊजी, जाऊ द्या. झालं ते झालं." वहिनीनं डोळ्यांना पदर लावला. मी आठ वर्षं ज्या क्षणासाठी काढली, तो माझ्यासमोर उभा होता. मी डोळे मिटून घेतले. मायला मनात म्हटलं, ऐकलं का?

मग वहिनीनं चहा आणला. "साखर चालते ना, भाऊजी?"

"चुकलं," तो म्हणाला.

"पंखा लावू का?"

"चुकलं."

दादानं विचारलं, "किशोर बरा हाये ना नागपुरात?"

"चुकलं, चुकलं," असं म्हणत त्यानं मान डोलावली.

दादाच्या लक्षात आलं नाही. तो पाझरलेलाच होता. मला आलं. त्याच्याजवळ तेवढा एकच शब्द होता, तोच चहालाही देत होता.

जेवण करून निघालो. दादानं त्याला गाडीत बसवताना पाठीवरून हात फिरवला. मी दादावर इतकी कधीच चिडले नव्हते. एवढ्यावर सोडून दिलंस?

६ मार्च

वर्षाली म्हणाली, होतं असं. एकच शब्द फार घोटला की तो अडकतो, मग प्रत्येक ठिकाणी तोच बाहेर येतो. ती रागावली नाही, पण म्हणाली, "काकू, त्यांना निवडता आलं पाहिजे. आधी हो आणि नाही पक्कं करा. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हो ला काय अर्थ?"

घरी येईस्तोवर मी तेच घोकत होते. पोपटाकडून माफी मागवून घेतली मी. खोटं नाणं दादानं घेतलं, मी घेणार नाही. आधी याला नाही म्हणता आलं पाहिजे. मग बघते.

१९ एप्रिल

ऊन मरणाचं आहे. कूलरसमोर बसवून शिकवते. चमचा दाखवते, "हे भाकर आहे का?" तो "चुकलं" म्हणतो. मी मान हलवून दाखवते, "नाही. ना-ही." परत चमचा. परत भाकर.

आज दुपारी मीच रडले. दहा वेळा विचारून झाल्यावर चमचा भिंतीवर फेकला. त्यानं लुळा हात उचलून माझ्या गुडघ्यावर ठेवला. मी झटकला. मी त्याच्याकडून दया घ्यायला नाही बसले.

८ मे

ताट उडवलं! डाळ भिंतीवर! "नाही!" म्हणाला. "नाही! मी... मीठ!"

मी इतकी हसले की रजियाबी धावत आल्या. मी म्हटलं, "ऐका, नाही म्हणाला. मला नाही म्हणाला." त्यांना वाटलं मला ऊन लागलं. भिंत पुसली, आणि मीठ घातलं नाही.

३० जून

शब्द वाढले आहेत. हो, नाही, पाणी, गोळी, दुखते, किशोर, पाऊस. "चुकलं" आता फक्त चुकलं तेव्हाच म्हणतो. चहा कपाबाहेर सांडला की म्हणतो. माझं नाव अजून येत नाही. "मन" पर्यंत येतो आणि थांबतो, घाबरून माझ्याकडे बघतो. पुढचं बोबडं येतं म्हणून थांबत असेल. थांबू दे.

बीपी दोन महिने ताब्यात आहे. डॉक्टर म्हणाले, "अशी शिस्त मी घरात बघितलेली नाही."

१४ ऑगस्ट

आज विचारलं.

दुपार होती, पाऊस थांबलेला. तो ओसरीत काठी घेऊन चार येरझारा घालून बसला होता. मी पाट ओढून समोर बसले.

"हो म्हनता येते तुमाले," मी म्हटलं. "नाही बी म्हनता येते. आता मी एक गोष्ट इचारते. खोटं नका बोलू. माई माय खाटेवर होती. तुमी याच ओसरीत लोकायपुढं तिचं तोंड करून दाखोलं. तिनं पाह्यलं. ते चुकलं का?"

तो म्हणाला, "नाही."

कानशिलात कुणी चापट मारावी तसं झालं. नऊ महिने मी या माणसाला घास भरवले, धुतलं, चालवलं, कशासाठी? हे ऐकायला? मी उठले. पाट लाथेनं उडाला.

त्यानं माझा पदर धरला. उजव्या हातानं. त्या हातात पदर ओढण्याइतका जोर नाही, नुसता अडकवल्यासारखा होता. मी एक झटका दिला असता तर सुटला असता.

"नाही," तो म्हणाला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या. "चुकलं... नाही." श्वास घेतला. "के... केलं."

"काय?"

"मी. केलं." आणि बराच वेळ ओठ हलत राहिले, आवाज नाही. मग आला. "मु-द्दाम."

मी तिथंच खाली बसले.

आठ वर्षं मी एका शब्दामागे लागले आणि तो शब्दच खोटा होता. चुकतं ते भाजीतलं मीठ, चुकते ती एसटी. हे चुकलेलं नव्हतंच. हे मला माहीत होतं, मायला माहीत होतं, पण त्याच्या तोंडून यायचं राहिलं होतं. दादापुढे तो माफी मागून सुटला होता. आज त्यानं ते सोपं दार स्वतः लावून घेतलं.

मग मी कारण विचारलं, "काहून?"

त्यानं तोंड उघडलं. शब्द शोधला. बोटं गुडघ्यावर आपटली. डोळ्यांत पाणी आलं, पण शब्द आला नाही. त्याला सापडत नव्हता, की सांगवत नव्हता, मला कळलं नाही.

"मी माफ नाही केलं तुमाले," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला.

पदर त्यानंच सोडला.

मी पाट जागेवर ठेवला, संध्याकाळची गोळी दिली, जीभ वर करायला लावली. मग वर्षालीला फोन लावला आणि विचारलं, पूर्ण वाक्यं कधीपासून घ्यायची. ती म्हणाली, वेळ लागेल काकू, वर्ष-दोन वर्षं.

लागू दे. "काहून" चं उत्तर एका शब्दात यायचं नाही.